जावेच्या बाळाची झोप

आमच्या घराच्या तळमजल्यावर सासूबाई, धाकटा दीर आणि जाऊ राहतात, वरच्या मजल्यावर मी आणि नवरा. त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवर सिमेंटची बैलजोडी, कारण मोशीतल्या आमच्या रानात प्लॉट पडल्यापासून खरी बैलजोडी बांधायला जागा उरलेली नाही. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, तेव्हा दोन्ही मजल्यांवर एकेक बाळ होतं. वरचं रडायचं. खालचं झोपायचं.

दागिन्यांचा हेवा वाटतो, पगाराचा वाटतो, हे मला माहीत होतं. शांततेचाही वाटतो हे तेव्हा कळलं. दुपारी एकच्या सुमाराला जाऊ तिच्या मुलाला पाजून गादीवर ठेवायची आणि तो झोपायचा. थोपटणं नाही, अंगाई नाही, खांद्यावर घेऊन येरझारा नाहीत. चार वाजेपर्यंत खालून आवाज यायचा नाही. मी जिन्यात उभी राहून ती शांतता ऐकायचे. माझ्या खांद्यावर माझी मुलगी असायची, पंचवीस मिनिटं झोपून उठलेली आणि एकूण जगाविषयी तक्रार असलेली.

महाळुंग्याजवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. कुठला भाग मापात बसला आणि कुठला नाही, याच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. बाळंतपणाच्या रजेवर असले तरी सवय रजेवर गेली नव्हती. मी मुलीच्या झोपेचा तक्ता केला. नऊ दहा ते नऊ पस्तीस. अकरा ते अकरा वीस. वहीच्या मागच्या बाजूला दुसरा तक्ता होता, तो मी नवऱ्यालाही दाखवला नाही. त्यात जावेच्या मुलाची झोप होती. जिन्यातून जेवढी ऐकू येईल तेवढी.

एकदा मी दुपारी दीड वाजता, गरज नसताना, जिन्याकडची खिडकी उघडून कुकर लावला. हरभरे होते, सात शिट्ट्या झाल्या. खालचा हललासुद्धा नाही. माझी उठली. पुढच्या महिन्यात दोघांना एकाच दिवशी लस टोचली आणि त्याला ताप आला असं कळलं, तेव्हा मी ‘अरेरे’ म्हटलं आणि मनातल्या मनात म्हटलं, आता बघू. तो तापातही झोपला.

जाऊ वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती आळंदीची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, मनाने साधी. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिला दिवस राहिले, आणि हे ती लोकांना जरा लाजत, रिक्षा लगेच मिळाली अशा सुरात सांगायची. मला म्हणायची, “ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. आईचं टेन्शन बाळाला कळतं.” हे ऐकलं की माझं टेन्शन वाढायचं.

आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. सातातली पहिली तीन आम्ही ‘एवढ्यात नको’ असं म्हणत घालवली, पुढची दोन ‘होईल’ असं म्हणत, आणि शेवटची दोन वाकडच्या एका दवाखान्यात, जिथे भिंतीवर हसणाऱ्या बाळांचे फोटो असतात आणि खाली न हसणारी जोडपी बसलेली असतात. हे उपचार घरात कुणालाच सांगितलेले नव्हते. मी पाठीच्या दुखण्याचं निमित्त केलं होतं. मणक्याच्या दुखण्यावर आमच्या घराचा फार विश्वास आहे. कुणी पुरावा मागत नाही.

निमित्त मोडलं ते फ्रिजमुळे. आमचा गर्भ तयार होऊन अकरा महिने दवाखान्यात गोठवून ठेवलेला होता, आधी एकदा दुसऱ्या गर्भावर केलेला प्रयत्न फसला होता, आणि आता पुन्हा तयारीची इंजेक्शनं सुरू होती. ती मी फ्रिजच्या दारात कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवायचे. एका सकाळी सासूबाई कोथिंबीर घ्यायला वर आल्या.

“ही कसली गं इंजेक्शनं? पाठीची फ्रिजात ठिवत्यात व्हय?”

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “दिवस राहिलेत, आई. अशक्तपणाची आहेत.”

नवरा पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

दिवस राहिलेले नव्हते. बारा दिवसांनी गर्भ पोटात ठेवायचा होता आणि तो टिकला की नाही हे त्यानंतर दोन आठवड्यांनी कळणार होतं. म्हणजे बातमी दिली तेव्हा बाळ वाकडच्या फ्रिजमध्ये होतं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फ्रिजमध्ये पेढे. सासूबाईंनी मला पपई बंद केली, बादली उचलणं बंद केलं, गच्चीचा जिना बंद केला. पोटात काहीही नसलेल्या बाईचे इतके लाड मोशीत त्याआधी कुणाचे झाले नसतील. माझी एरवी देवाधर्माशी फारशी ओळख नाही, पण त्या महिन्यात मी बऱ्याच ठिकाणी हात जोडले. गर्भ टिकला. त्याच सुमाराला जावेने तिची खरी बातमी दिली.

त्या दिवसापासून माझं गरोदरपण खऱ्यापेक्षा एक महिना पुढे चालू लागलं. सासूबाई बोटांवर मोजायच्या तो एक हिशोब, आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये होता तो दुसरा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असतं, माझं माहेर बार्शीचं, म्हणून सातव्या महिन्याचा, म्हणजे माझ्या सहाव्याचा, कार्यक्रम उरकून मी गेले आणि सुटले. तिथे छत्तिसाव्या आठवड्यात कळा आल्या. बार्शीच्या डॉक्टरांनी कार्डावर तसं लिहिलं, मुलगी जरा लवकर आली पण ठीक आहे म्हणाले. मोशीला फोन गेला तेव्हा सासूबाई समाधानाने म्हणाल्या की दिवस अगदी बरोबर भरले. त्याच आठवड्यात आळंदीला जावेला मुलगा झाला. ते कार्ड मी आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि अडीच महिन्यांनी फक्त लसीचं कार्ड घेऊन सासरी आले.

बारसं दोघांचं एकत्र झालं, लॉन्सवर. कमानीवर फ्लेक्स होता. वर दोन बाळांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे. शुभेच्छुकांचे फोटो बाळांपेक्षा मोठे, आणि बहुतेकांच्या डोळ्यांवर गॉगल. पाळणा थर्माकोलच्या मोरात बसवला होता. ड्रोन फिरत होता. निवेदक दर पाच मिनिटांनी ‘भावपूर्ण क्षण’ जाहीर करत होता, म्हणजे कुणाच्या लक्षातून सुटायला नको. वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून बायकांनी तो ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याभोवती फिरवला. मग तोही बाळांशेजारी ठेवला. पाळण्यातल्या तिघांपैकी दोघे शांत होते. जावेचा मुलगा डीजेच्या आवाजात तोंड उघडं टाकून झोपला होता आणि माझी मुलगी काळीनिळी होईपर्यंत ओरडत होती.

“पोरगं म्हंजी सोनं हाय राव,” कुणीतरी दिराच्या पाठीवर थाप मारून म्हणालं.

एक चुलतसासू माझ्या मुलीला घेऊन हलवत होत्या. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि प्रेमानेच म्हणाल्या, “हिला आतून कायतरी खुपतंया.”

निवेदकाचं मी एकही वाक्य लक्षात ठेवलं नाही. हे राहिलं. कारण मला वाटत होतं ते नेमकं हेच होतं. तिचं मूल सहज झालं म्हणून सहज झोपतं. माझं इंजेक्शनं देऊन, काचेत घडवून, गोठवून, वितळवून झालं, तेव्हा कुठेतरी काहीतरी बिघडलं असणार. मी वाचणारी बाई आहे. रात्रंदिवस मोबाइलवर याबद्दल वाचत होते. वाचणाऱ्या माणसाची अडचण अशी की त्याचा संशय आधी ठरलेला असला तर तो मजकुरातून फक्त साक्षीदार गोळा करतो. उपचाराने झालेल्या मुलांची झोप, उपचाराने झालेल्या मुलांची वाढ, उपचाराने झालेल्या मुलांचा मेंदू. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असायचं की ही मुलं इतरांसारखीच वाढतात. ते मी वाचून पुढे जायचे. ‘मात्र’ या शब्दापाशी थांबायचे.

लवकर जन्मलेल्या मुलांबद्दल मी काही वाचलं नाही. तो महिनाभराचा फरक खोटं बोलताना मी इतका नीट मिटवला होता की माझ्याही डोक्यातून मिटला. सगळ्यांबरोबर मीही तिला जावेच्या मुलाशेजारी, त्याच्या बरोबरीची म्हणून ठेवत होते. तो मान धरायचा, हिची कलंडायची. तो बोलावलं की हसायचा, ही कधी हसायची, कधी छताकडे बघायची. तो मोठ्याने खिदळायला लागला, त्या दिवशी मी जेवले नाही.

आमच्या गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. एवढ्या लहान लेकराला घेऊन बाईने एकटीने जायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. डॉक्टरांनी मुलीला उचलून पाहिलं, पालथं घालून पाहिलं आणि विचारलं, दिवस पूर्ण भरले होते ना?

“नऊ म्हैने नऊ दिस,” सासूबाई म्हणाल्या. “बरोब्बर.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही होकारार्थी मान हलवली.

ते म्हणाले की वजन बरं आहे, काळजीचं काही नसेलही, पण पूर्ण दिवसांच्या तीन महिन्यांच्या बाळाच्या मानाने मान ढिली वाटते, दचकतेही जास्त. तर चिंचवडला बाळांच्या वाढीच्या तज्ज्ञ आहेत, त्यांना एकदा दाखवून घ्या. त्यांनी हे अगदी हलक्या आवाजात सांगितलं, आणि हलक्या आवाजातल्या गोष्टी खालच्या मजल्यावर फार लवकर पोचतात. जाऊ त्या संध्याकाळी वर आली, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि काहीच सल्ला दिला नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

तज्ज्ञबाईंची वेळ आठ दिवसांनी मिळाली. ते आठ दिवस मी तक्ता लिहिला नाही.

त्यांच्याकडे आधी एक फॉर्म भरायचा होता. मी बाकावर बसून लिहीत होते, सासूबाई मुलीला घेऊन शेजारी. त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि कुणी काही लिहीत असलं तर चष्मा लावून वाचतात. बाळाचं नाव, आईचं वय. मग प्रसूतीची अपेक्षित तारीख, आणि त्याखाली दोन चौकोन, गर्भधारणा नैसर्गिक की उपचाराने. पेन तिथे थांबलं. खोटी तारीख मला पाठ होती, ती मी झोपेतही सांगितली असती. पण आत बसलेल्या बाई माझ्या मुलीत दोष आहे की नाही हे ठरवणार होत्या, आणि मी त्यांना चुकीचं माप देणार होते. कारखान्यात कुणी असं केलं तर मी त्याचं काय करते, ते मला माहीत आहे.

मी खरी तारीख लिहिली आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.

“काय लिवलंस?” सासूबाई म्हणाल्या. “ही तारीख कशाची? आन् उपचार कसला?”

मी सांगितलं. एका दमात, फॉर्मकडे बघत, फ्रिजपासून, कोथिंबिरीपासून सगळं. शेजारच्या बाकावरचं जोडपं मोबाइलमध्ये डोकं घालून इतकं स्तब्ध बसलं की त्यांनी एकही शब्द सोडला नसावा. सासूबाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग आमचं नाव पुकारलं.

तज्ज्ञबाईंनी फॉर्म पाहिला आणि पहिलं वाक्य बोलल्या, “मग ही तीन महिन्यांची कशी? मी हिला दोन महिन्यांची धरणार.” त्यांनी मुलीला चांगला पाऊण तास तपासलं. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेपासून नाही, अपेक्षित तारखेपासून मोजून मग वाढ बघायची, असं त्यांनी समजावलं. त्या मापाने मान ठीक, हसणं ठीक. मी उपचारांचं विचारलं. त्या म्हणाल्या, अशी शेकडो मुलं बघते, उपचारामुळे झोप बिघडते असं काही दिसत नाही. दोन महिन्यांच्या बाळाने दिवसा तुकड्यातुकड्यांत झोपणं आणि रात्री दर दोन-अडीच तासांनी उठणं हे बिघाडाचं लक्षण नाही, दूध लागतं म्हणून उठतं. उताणं झोपवा, बाजूला उशा-गोधड्यांचा ढीग नको, आणि दुसऱ्याचं मूल किती झोपतं ते मोजू नका.

हे शेवटचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. बहुधा सगळ्याच आयांना सांगत असाव्यात.

मग त्यांनी बाळाला वरचं काही देता का विचारलं आणि सासूबाईंना प्रथमच कंठ फुटला. बाळगुटी त्या स्वतः उगाळायच्या. प्रत्येक काडीचे सहाणेवर किती वेढे घ्यायचे ते बाळाच्या महिन्यावर ठरतं, महिना वाढला की वेढा वाढतो.

“म्हंजी मी दोन म्हैन्याच्या लेकराला तीन म्हैन्याचे वेढे दिले?” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. उपचारांवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. यावर त्यांचे डोळे भरले. डॉक्टरबाई म्हणाल्या की गुटी कुठल्याच महिन्यात नको, सहा महिने फक्त आईचं दूध. ते त्यांनी ऐकलं असं मला वाटत नाही.

परतताना रिक्षात सासूबाई माझ्या शेजारी होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. रिक्षात ती नेहमीच झोपायची, आणि खड्ड्यांतही उठायची नाही. आमची नोकरदार माणसं कंपनीच्या बसमध्ये झोपतात तशी. भोसरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मला सांगायला काय झालं व्हतं?”

“तुम्ही बोलला असता.”

“बोलले असते. चार दिस बोलले असते. मंग गप बसले असते.” मग त्यांनी विचारलं, “बर्फात किती दिस व्हती?”

“अकरा महिने.”

त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. “मंग ती त्याच्याआधीची झाली. थोरली हाय ती.” आणि मोशी येईपर्यंत त्या या हिशोबात रमल्या. महिनाभराने लहान आणि वर्षभराने मोठी असलेली नात त्यांना मनापासून पटलेली दिसली.

जावेला त्यांनीच सांगितलं, त्याच संध्याकाळी, भाकरी थापता थापता. मी जिन्यात होते. जिन्यातली माझी जागा मी सोडलेली नव्हती. जाऊ वर आली. मला वाटलं आता कीव येणार, आणि तिची कीव घ्यायची माझी तयारी नव्हती. पण ती चिडलेली होती. तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

“ताई, मला उलट्या होत होत्या तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं? चौथा लागला की थांबतात, माझ्या थांबल्या.”

“हो.”

“तुमचा तर तिसरा चालू होता.”

खरं तर त्या दिवसांत मी बाथरूमचा नळ सोडून उलट्या करायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

“माझ्या थांबल्याच नाहीत. सातव्यापर्यंत होत होत्या. मला वाटलं, ताईंचं सगळं कसं वेळेवर होतं, माझंच काहीतरी चुकतंय. मी आईकडे जाऊन रडले, माहितीये?”

ते मला माहीत नव्हतं. मी माफी मागितली. ती ‘असू दे’ म्हणाली नाही. ओढणीने नाक पुसलं आणि खाली गेली, कारण तिचा मुलगा उठायची वेळ झाली होती. अर्थात तो उठलेला नव्हता.

हेवा यानंतर जायला हवा होता. गोष्ट मी रचली असती तर घालवला असता. पुढच्या आठवड्यात तो सलग सहा तास झोपला आणि मला पहिल्यासारखाच राग आला. फरक एवढाच की आता रागामागे भीती नव्हती, नुसता राग होता, आणि नुसत्या रागावर माणूस बऱ्यापैकी जगू शकतो. माझी मुलगीही हळूहळू झोपू लागली. पंचवीस मिनिटांचा तास झाला, मग दीड. त्या दुपारच्या दीड तासात मी काय करायचे ते सांगायला नको. तिचा श्वास चालू आहे ना बघायचे.

ती साडेचार महिन्यांची, म्हणजे खरी साडेतीनची असताना एका सकाळी मी गच्चीवर बैलजोडीमागे कपडे वाळत घालत होते. दोन्ही बाळं खाली जावेजवळ होती. तिने जिन्यातून हाक मारली, “ताई, हसली. मोठ्याने हसली.”

मी ओले हात घेऊन दोन मजले उतरले. मुलगी चटईवर उताणी पडली होती, चेहऱ्यावर काही नाही. जाऊ म्हणाली की तिला मिरचीच्या फोडणीची शिंक आली, आणि शिंक ऐकून ही खदखदा हसली, एकदा नाही, दोनदा. कॉलेजातली पोरं हसतात तशी. तिने मला दाखवायला खोटी शिंक काढली. काही नाही. पुन्हा काढली. सासूबाईंनीही स्वयंपाकघरातून एक काढून पाहिली. जावेचा मुलगा शेजारी झोपला होता, त्याला या कशाचं काही नव्हतं.

सात वर्षं, फ्रिजच्या दारातली ती सगळी इंजेक्शनं, बारा दिवस रिकाम्या पोटाने केलेलं नाटक, आणि तिचं पहिलं खिदळणं जावेला मिळालं. मी तिला विचारलं, किती वेळ हसली. ती म्हणाली, “मोजलं नाही, ताई.”

मी चटईवर गुडघे टेकले, मुलीच्या तोंडाजवळ वाकले आणि जमेल तेवढ्या जोरात शिंकले. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मान वळवली आणि जावेकडे पाहिलं.